अल्सीदच्या फाटकाची बल्ली

सेंत-ओदिल, मेन
रविवार, २२ नोव्हेंबर १९९८

मोनोंक अल्सीद,

तुमचं पत्र पोचलं. पोस्टातल्या बाईंनी ते उजेडाला धरून आधीच वाचलं असणार, कारण माझ्या हातात देतानाच म्हणाल्या, म्हाताऱ्याच्या कमरेचं हाड जुळत आलं म्हणे. म्हणजे तुमची तब्येत मला गावाकडून कळली. बरी आहे असं ऐकतो.

तळघरातलं बटाट्याचं बियाणं मजेत आहे, माझ्यापेक्षा जास्त. दिवसातून तीनदा शेगडीत लाकूड घालतो, काटा अडतीस फॅरनहाइटवरून, गोठायच्या जरा वरून, हलू देत नाही. मांजर तुमच्या खुर्चीत झोपते. मी तिला मोनोंक म्हणून हाक मारतो, तिलाही ऐकू येत नाही.

मागच्या फाटकाच्या बल्लीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, जसा काही मी मॅसॅच्युसेट्सहून आलेला पाहुणा. मोनोंक, तुम्ही नात्यानं काका नसलात तरी आमचं घर तुमच्या शेजारी आहे. टिकाऊ बर्फ पडला की तुम्ही स्वतः जाऊन ती बल्ली उचलता, डाव्या अंगाला ठेवता, आणि ते बघून क्लबवाले तुमच्या शेतातून बर्फगाड्यांची वाट आखतात. ते विचारत नाहीत, तुम्ही सांगत नाही. हे मला दात यायच्या आधीपासून माहीत आहे. नवा कायदाही कळला. तुम्ही तीनदा लिहिलाय म्हणून मी एकदा परत लिहितो, म्हणजे तुमचं समाधान होईल: वाट आखायच्या आधी मालकानं लेखी काही कळवलं नसेल, तर उघडं फाटक म्हणजे संमती, दहा वर्षांची, बारा महिन्यांची, बर्फगाड्यांना आणि चार फुगीर टायरांच्या त्या रानगाड्यांनाही. म्हणून तुमचा कागद ऑगस्टाला, राज्याच्या कचेरीत, जाईपर्यंत बल्ली हलवायची नाही. झालं?

आता खरी बातमी. आपल्या क्लबचे अध्यक्ष लिओ-पॉल यांनी नवा नारिंगी कोट घेतलाय आणि तो घालून ते दुकानात दूध आणायलासुद्धा असे जातात की वाटावं राज्यपाल आले. त्यांचा जुना कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत सापडला. मग मी त्यात पेंढा भरला, पोत्याचं तोंड केलं, झाडूच्या मिश्या लावल्या, आणि आज सकाळी सगळं गाव प्रार्थनेला बसलं असताना क्लबच्या छपरावर लिओ-पॉलना एका लांब बल्लीवर स्वार करून बसवलं. सगळं टोबोगनवर, आपल्या त्या लाकडी घसरगाडीवर, टाकून अर्धा मैल पायी ओढत नेलं. पायीच, कारण गेल्या हिवाळ्यात वाटेवरचे बाण फिरवून चाळीस पाहुणे फादरच्या अंगणात पाठवले होते, त्याबद्दल जजसाहेबांनी एप्रिलपर्यंत कुठलंही इंजिन चालवायची बंदी घातलीय. लोक बाहेर आले तेव्हा पहिले फादर हसले. लिओ-पॉलनी स्वतःलाच टोपी काढून सलाम केला. चांगला माणूस आहे तसा.

उद्या सगळं उतरवून जागच्या जागी ठेवतो. आईनं नमस्कार सांगितलाय.

तुमचा,
रेजिस


ब्रिस्टल, कनेक्टिकट
३० नोव्हेंबर

रेजिस,

बल्ली कुठून आणलीस?

मी तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. त्यांच्या खिडकीतून मी दिसत असेन, बिचारे. क्लोडेतनं माझे बूट कपाटात घालून किल्ली स्वतःकडे ठेवलीय. पोटची मुलगी, पण तुरुंगात नोकरी करायला हवी होती. कुट्टूच्या पिठाचे प्लोय करायला सांगितले तर दुकानातून पुडा आणला. तव्यावर टाकले ते चिंधीसारखे झाले. ती फोन माझ्या कानाला लावते आणि मी नुसता हो हो म्हणतो, म्हणून पत्र लिही, फोन करू नकोस.

तुला वाटतं म्हातारा उगाच बल्लीचं घोडं नाचवतोय. बस आणि ऐक. बर्फगाडीवर माझा राग नाही. ती तीन फूट बर्फावरून जाते, माझ्या मातीला तिचा स्पर्श होत नाही. रानगाडी उन्हाळ्यात येते. तिच्या टायरात दहा जणांच्या शेताचा चिखल असतो. एकाहत्तर साली माझ्या चुलतभावानं बटाटे काढायचं यंत्र मला वापरायला दिलं. धुतलं होतं, पण मनापासून नाही. पुढच्या वर्षी माझा बटाटा कापला तर आत कुजक्या कड्याचा गोल, त्या यंत्राच्या चिखलातून आलेला रोग. प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल सरकारनं काढून घेतलं. सात वर्षं मी बियाणंवाला नव्हतो, सात वर्षं माझा माल स्टार्चच्या कारखान्यात गेला, आणि ज्यांना मी बियाणं दिलं होतं त्यांच्या घरी जाऊन मला तोंडानं सांगावं लागलं. तेव्हा तुझी आई लहान होती, तिला विचार.

नोटरीची वेळ मिळाली की मी शपथेवर लिहून देणार आहे: वाट बर्फाची, फक्त बर्फाची. तोवर बल्ली आडवी. मे महिन्यात मी परत येतो. तू पेरणीयंत्राच्या मागच्या पाटीवर बसून बियाणं नीट पडतंय का बघायचंस, मी शिकवीन. पुढच्या वर्षी तू पुढे ट्रॅक्टरवर बसशील. त्याच्यापुढचं क्लोडेतसमोर बोलायचं नाही.

बल्ली कुठून आणलीस?

अल्सीद पेल्त्ये


सेंत-ओदिल
९ डिसेंबर

मोनोंक,

बल्ली लिओ-पॉलच्याच कुंपणातली. त्यांच्याच लाकडावर त्यांनाच बसवलं, म्हणून तर मजा. तुमची जागेवर आहे. परवाच बघितली. तिच्यावर कावळा बसला होता.

दोन फूट बर्फ झालाय. वाटेच्या गाड्यांचा आवाज येतो दिवसभर. लांबून येतो म्हणजे. लिओ-पॉल रोज वाट सपाट करायचं यंत्र फिरवतात. मोटेल भरलंय, पोर्टलंडहून आणि कुठून कुठून लोक आलेत, त्यामुळे आईला स्वयंपाकघरात आठवडाभर पूर्ण दिवसाचं काम मिळालंय. ती म्हणते गेली तीन वर्षं नाताळच्या आधी असं कधी झालं नव्हतं. घरी येते तेव्हा कांद्याचा वास येतो आणि गाणं म्हणते. तिचं गाणं तुम्ही ऐकलेलं नाही, तुमचं नशीब.

एक विचारायचं होतं, असंच. समजा एखाद्याचं फाटक चुकून उघडं राहिलं. म्हणजे त्यानं मुद्दाम नाही, वाऱ्यानं वगैरे. तर त्या कायद्यात काही सोय असते का? मी माझ्यासाठी विचारत नाही. क्लबात चर्चा चालली होती.

तुम्ही नोटरीकडे गेलात का? जरा लवकर जाल का? थंडीत माणसं आजारी पडतात, नोटरीसुद्धा.

काटा अडतिसावर.

रेजिस


ब्रिस्टल
१७ डिसेंबर

रेजिस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं मामला कळला. कोणा पोरीचं फाटक तुझ्यासाठी उघडं राहिलंय आणि तिच्या बापाला कळायच्या आधी तुला सोय हवीय. या वयात तुम्हा पोरांना कायदा आठवतो तो असाच. बापाशी सरळ बोल. बाप ओरडतो, मग जेवायला बसवतो. मी माझ्या सासऱ्याकडे असाच गेलो होतो. त्यांनी मला लाकडं फोडायला लावली दोन तास, आणि मग बायको दिली.

मी काल नोटरीकडे गेलो. क्लोडेतनं बूट काढून दिले, त्यासाठी तिला कारण सांगावं लागलं. नोटरी पोरगेला आहे, पण कागदाला मान देतो. मी बायबलवर हात ठेवून लिहून दिलं की माझ्या मागच्या फाटकाची बल्ली या हिवाळ्यात कोणी उचललेली नाही, ती जागेवर आहे, माझ्या विश्वासू माणसानं डोळ्यांनी बघून तसं लेखी कळवलंय, आणि मी फक्त बर्फगाड्यांना परवानगी देतोय. विश्वासू माणूस म्हणजे तू. फुगू नकोस.

कागद ऑगस्टाला गेला. आता तू बल्ली उचलून डावीकडे ठेव आणि लिओ-पॉलला सांग, झालं. त्यानं वाट पाहिली, त्याचे उपकार.

परत आल्यापासून बूट पुन्हा कपाटात. पण आज मला चालतंय.

अल्सीद


सेंत-ओदिल
२८ डिसेंबर

मोनोंक,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. तीन शेगडीत गेली. बियाण्याला ऊब मिळाली एवढंच.

ती बल्ली तुमच्याच फाटकाची होती. लिओ-पॉलच्या बुडाखाली छपरावर जी होती ती. मला लांब आणि सरळ हवी होती, आणि तुमची वाळलेली, हलकी, टोबोगनवर मावणारी. म्हटलं एका दिवसाचा प्रश्न. तुमचं पत्र खिशात होतं तेव्हा माझ्या. यापेक्षा मूर्खपणा करायचा म्हटला तरी जमणार नाही मला.

त्या दिवशी प्रार्थना सुटल्यावर सगळे छपराकडे बघून हसत होते, तेव्हा क्लबचे दोघं वाटेच्या खुणा घेऊन निघाले होते. तुमच्या फाटकाशी आले, बल्ली नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं कनेक्टिकटहून निरोप पाठवून रेजिसकडून बल्ली काढून घेतली. त्यांनी विचारलं नाही. विचारतच नाहीत ना. संध्याकाळपर्यंत तुमच्या शेतात शेवटापर्यंत खुणा.

सोमवारी मी बल्ली परत लावली. मंगळवारी कोणीतरी ती उचलून नीट डाव्या अंगाला ठेवली होती. मी परत लावली. परत डावीकडे. तिसऱ्यांदा लिओ-पॉलच भेटले, बल्ली खांद्यावर. म्हणाले, कार्टी अल्सीदच्या बल्लीशी खेळतायत बघ, तू जरा लक्ष ठेव, त्यानं तुझ्यावर सोपवलंय. मी म्हटलं ठेवतो.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्यांनी आधी सांगितलं की अल्सीदचं फाटक यंदा लवकर उघडलं म्हणून मोटेल भरलं, आणि जानीनला पूर्ण दिवसांचं काम मिळालं, छान झालं ना. जानीन म्हणजे माझी आई, त्यांना वाटलं मला माहीत नसेल. मी तोंड मिटलं. मग तुमचं पत्र आलं, बल्ली कुठून आणलीस. तुम्ही दोनदा विचारलंत. मी एकदाच खोटं बोललो, पण ते दोन्ही वेळा पुरलं.

पाच डिसेंबरला राज्याचा माणूस फाटकं मोजत आला. सगळ्या वाटेवर हिंडला आणि प्रत्येक फाटकाचा फोटो काढला. तुमचा कागद त्याच्या नंतर पोचला. परवा त्यांनी तुमचा कागद क्लबकडे परत पाठवला, सोबत फोटो: उघडं फाटक, खुणा, आणि कोपऱ्यात टोपी घातलेला एक इसम टोबोगन घेऊन उभा. तो इसम मी, घरची लाकडं ओढत होतो. म्हणजे तुमची बायबलवरची शपथ खोटी आणि संमती खरी. दहा वर्षं. उन्हाळ्यात टायर.

मी लिओ-पॉलना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि नारिंगी कोट काढला. खुणा काढतो म्हणाले, पण काढून उपयोग नाही, फोटो गेलाय. मग त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं आणि आम्ही दोघांनी मिळून वाचलं. मी वाचतो सावकाश, ते माझ्याहून सावकाश. एकच दार सापडलं. फाटक ज्यानं उघडलं त्याला तसा काही हक्क नव्हता असं मालकानं शपथेवर लिहून दिलं, तर संमती रद्द. त्या माणसाचा मालकाच्या घराशी, शेतीशी, राखणीशी काही संबंध नाही असं लिहावं लागतं. जानेवारीच्या शेवटपर्यंत.

तर तसं लिहा. मी कोणीच नाही असं लिहा. लिहायला सोपं आहे, माझी शाळाही हेच म्हणायची.

रेजिस


ब्रिस्टल
७ जानेवारी १९९९

रेजिस,

तुला शिव्या द्यायला घेतल्या होत्या. पानाच्या खाली पोचलो तरी संपल्या नाहीत, म्हणून ते पान टाकलं.

क्लोडेतला कळलं. तिनं फोनवर कोणाला तरी हळूच सांगितलं, तिला वाटतं मला हळू ऐकू येत नाही, पण मी तिचं तोंड वाचतो. म्हणाली, आता तरी विकेल. बटाट्याला बियाण्याचं लेबल नसेल तर त्या मातीत धरून ठेवण्यासारखं काय उरतं, असा तिचा हिशोब. चुकीचा नाही.

दिवसभर खिडकीत बसलो. समोरची बाई पडदा ओढते आताशा.

तू लिहिलंस ते कळलं. लिहिणार नाही. तुला मी किल्ली दिली, तू शेगडी सांभाळतोस, तुझ्या हातात माझं बियाणं आहे. हे सगळं खोटं म्हणून बायबलवर हात ठेवू? एकदा तुझ्या शब्दावर ठेवला, तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत असताना ठेवू? आणि नुसती शपथ नाही. मी नोटरीला विचारलं. लिहून दिलं की दहा वर्षं ते खरं राहावं लागतं. त्या दहा वर्षांत तू माझ्या शेतात दिसलास तर तो कागद खोटा ठरतो आणि संमती परत जिवंत होते. म्हणजे तू पाटीवर बसणार नाहीस. मागे नाही, पुढे नाही.

मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. दहा वर्षं म्हणजे काय ते तुला मोजायला सांगत नाही.

दुसरं काही शोध. डोकं आहे तुझ्याकडे, माझं वाटोळं करायला वापरलंस, आता दुसऱ्या कामाला वापर.

अल्सीद


सेंत-ओदिल
१५ जानेवारी

मोनोंक,

शोधलं. दुसरं काही नाही.

लिओ-पॉल आणि मी फोर्ट केंटच्या वकिलाकडे गेलो. लिओ-पॉलनी गाडी चालवली, अर्थात. वकील म्हणाला, खटला करा, दोन-तीन वर्षं लागतील, तोवर रानगाड्या चालू. दोन-तीन उन्हाळे. तुमच्या मातीला एक पुरे.

म्हणून मी एक काम केलंय, तुम्हाला न विचारता, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. काल वनरक्षकाच्या कचेरीत गेलो आणि लिहून दिलं की बावीस नोव्हेंबरला मी अल्सीद पेल्त्ये यांच्या मालकीची बल्ली त्यांच्या परवानगीशिवाय, त्यांचं काहीही काम करत नसताना, खोडी म्हणून उचलून नेली. तो वनरक्षक गेल्या वर्षी बाणांच्या वेळचाच. त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तू अल्सीदची शेगडी सांभाळतोस ना? मी म्हटलं, कोण अल्सीद? तो हसला नाही. लिहून घेतलं. आता जजसाहेबांपुढे उभं राहायचं. इंजिनाची बंदी दोन वर्षं वाढेल म्हणतात. मला चालायची सवय झालीय.

तळघराची किल्ली लिओ-पॉलना दिली. ते तीनदा जातात. काटा त्यांना दिसत नाही, चष्मा लागतो, पण ते चष्मा लावतील. आज मी तुमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. मांजर आमच्या दारात आली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कोणी मेलंय.

आता तुमचं बघा. तुम्ही कागद दिला नाहीत, तर मी चोर ठरलो आणि शेतही गेलं. दोन्ही गेलं. तुम्ही दिलात तर एकच जातं. तुम्ही लोकांच्या दारात जाऊन सांगितलंत की माझं बियाणं कुजलंय, तेव्हा तुम्हाला लाज वाटली असेल. मला त्याच्या निम्मीसुद्धा वाटत नाही. मी काही लाजणारा माणूस नाही, सगळा गाव सांगेल.

आई हे पत्र टपालात टाकायला निघालीय. तिनं वाचलंय. म्हणाली, म्हाताऱ्याला लिही की लोकरीचे मोजे घालून बसत जा.

रेजिस


ब्रिस्टल
२६ जानेवारी

रेजिस,

दिला.

एक ओळ लिहायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी नोटरीपर्यंत गेलो आणि परत आलो. क्लोडेत पायऱ्यांवर विचारत राहिली काय झालं, मी ऐकू येत नसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी गेलो. तो पोरगेला नोटरी बँकेत बसतो. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं ती ओळ ओरडून वाचली. रांगेतले सगळे वळले. ओळ अशी आहे:

"सदर इसम माझ्या घरचा नाही, माझ्या नोकरीत नाही, माझ्या जमिनीची कोणतीही जबाबदारी मी त्याच्यावर कधीही सोपवलेली नाही, आणि त्याचा माझा काही संबंध नाही."

शेवटचा तुकडा कायद्यात नव्हता. नोटरीनं मजबूत व्हावं म्हणून घातला. मी म्हटलं, एवढं कशाला? तो ओरडला, हे असेल तर कोणी हात लावू शकणार नाही. मी सही केली. एकदाही न थांबता केली, म्हणून मला माझीच भीती वाटली.

कागद पोचल्याची पावती आज आली. संमती रद्द. वाट बर्फाची, फक्त बर्फाची. तुझ्या आईचं काम राहील.

मी एप्रिलमध्ये येतोय. क्लोडेतला सांगितलं, विकणार नाही, आणि ती रडली, मग बूट काढून माझ्या खाटेजवळ ठेवले. पेरणीला लिओ-पॉलचा भाऊ येईल. त्याला येते त्यापेक्षा जास्त पेरणी माझ्या यंत्राला येते.

माझी पत्रं जाळ. मला लिहू नकोस. कोणी म्हणेल, संबंध नाही तर पत्रं कशाची.

बहात्तर साली मी वीस दारांत गेलो होतो. त्यातलं एक तुझ्या आजोबांचं होतं. तेव्हाही असं झालं नव्हतं मला.

अ. पेल्त्ये


सेंत-ओदिल
शनिवार, २९ मे १९९९

श्री. अल्सीद पेल्त्ये यांस,

महाशय, आपली माझी ओळख नाही. मी एक वाटसरू आहे. आपल्या शेताच्या कडेनं जो डांबरी रस्ता जातो त्यावरून मी रोज पायी जातो, कारण मला इंजिन चालवायची बंदी आहे, का ते आपल्याला माहीत असायचं कारण नाही. आज सहज शेताकडे लक्ष गेलं आणि वाटलं, मालकाला दोन शब्द कळवावेत. परका माणूस परक्या माणसाला कळवू शकतो. मी कायद्याच्या पुस्तकात बघितलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

पूर्वेकडून तिसरी ओळ वाकडी आहे. ट्रॅक्टरवरचा माणूस तिथे डुलकी घेत असावा, कारण पुढे ओळ अचानक जागी होते. पाटीवर मागे कोणी बसलेलं नव्हतं. मागे कोणी असतं तर कुठे बियाणं पडलं नाही ते त्यानं बघितलं असतं. पाणी साचतं त्या खड्ड्यापासून वीस-बावीस फूट काहीच पडलेलं नाही असं मला रस्त्यावरून वाटतं. माझी नजर चांगली आहे. खात्री करून घ्यावी. आणि कडेला सांडलेत ते बियाण्याचे तुकडे लहान कापलेत. एका तुकड्यावर निदान दोन डोळे हवेत असं मला कोणीतरी लिहिलं होतं. नाही, लिहिलं नव्हतं. शिकवणार होतं.

गाड्यांच्या टायरांची एकही खूण शेतात नाही. मी सगळी कड चालून बघितली, रस्त्याच्या अंगानं. फाटकापाशी गेलो नाही.

आपली मांजर आमच्याकडे जेवते. तिला कुठलाही कागद लागू नाही, पण आपल्याला अडचण वाटत असेल तर कळवावं. कळवता येणार नाही, हे लिहिताना लक्षात आलं. मग राहू दे.

आपण दुपारी बाहेर ओट्यावर बसला होता. काठी गुडघ्यावर, पायात बूट. मी रस्त्यावर उभा होतो, मध्ये दोनशे पावलं असतील, आणि ओरडून काही सांगितलं असतं तरी आपल्याला ऐकू आलं नसतं असं गावात म्हणतात. म्हणून हे पत्र पोस्टात टाकतोय. ते आधी प्रेस्क आयलच्या मोठ्या पोस्टात जाईल आणि तिथून परत इथे येईल, तीन दिवस लागतील, दोनशे पावलांना. पोस्टातल्या बाई उजेडाला धरतील. धरू देत. परक्यांची पत्रं आहेत.

मी बराच वेळ उभा होतो. रस्ता सरकारचा आहे, तिथे उभं राहायला कोणाची परवानगी लागत नाही. निघताना मला वाटलं, आपण हात वर केलात. या दिवसांत काळ्या माश्या फार त्रास देतात. आपण माश्याच हाकलत असणार, असं मी धरून चाललोय.

उद्याही त्याच वेळेला जाईन. माश्या उद्याही असतील.

आपला नसलेला,
एक वाटसरू